कपाटाच्या भोकातली कुंभारीण

वाशिम जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते, त्याचं नाव सांगत नाही. प्राचार्य अजून तेच आहेत आणि मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. कारंजाहून सकाळची एसटी पकडायची, शेलूबाजारला उतरायचं, तिथं जीप भरेपर्यंत बसायचं आणि भरल्यावर तिच्यात आणखी चार माणसं कोंबली जाईपर्यंत बसायचं, असा माझा रस्ता. माझी डॉक्टरेट नाकतोड्याच्या पचनसंस्थेवर आहे. पाच वर्षं मी नाकतोडे फाडले. त्यांच्या पोटात काय सापडतं ते मला पाठ होतं. नाकतोडा जेवताना कसा दिसतो, हे मात्र मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायला हवं होतं असं मला कोणी म्हटलंही नाही.

आमची प्रयोगशाळा इमारतीच्या अगदी शेवटी. एका बाजूला खिडक्या, खिडक्यांमागे पडीक जागा. तिथं रुई, तरोटा, गाजरगवत आणि दोन बाभळी आपापल्या मर्जीनं वाढलेल्या. खिडकीची एक काच मी रुजू झाले तेव्हापासून फुटलेली होती. आत लांब टेबलं, फॉर्मेलीनमध्ये पांढरे पडलेले साप आणि भिंतीला एक हिरवं लोखंडी कपाट. कपाटात कीटकपेट्या. जीवशास्त्राच्या या खोलीत पाहण्यासारखं जे काही होतं ते सगळं मेलेलं होतं, आणि कपाटातलं तर मेल्यानंतरही शिल्लक राहिलेलं नव्हतं.

हे मला पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत कळलं. मी पेटी उघडली तर आत टाचण्यांच्या रांगा, प्रत्येक टाचणीखाली सुंदर अक्षरात नाव, आणि टाचणीवर काही नाही. कुठं एखादा पाय, कुठं पंखाची धूळ. बारीक केसाळ अळ्यांनी सगळा संग्रह खाऊन टाकलेला. परीक्षेला आलेल्या मुलींनी रिकाम्या टाचण्यांकडे पाहिलं, चिठ्ठ्या वाचल्या आणि उत्तरपत्रिकेत लिहिलं, चतुर, भुंगा, मधमाशी. सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. मी विभागप्रमुखांना चिठ्ठी लिहून कळवलं. त्यांनी चिठ्ठीवर ‘पाहिले’ असं लिहून ती फाइलला लावली. पेटी मात्र पाहिली नाही. सरांची डॉक्टरेट गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवर आहे. शिंपला उडून अंगावर येत नाही, हे त्यांनी विषय निवडताना ध्यानात घेतलं असणार. प्रयोगशाळेत साधं झुरळ निघालं तरी सर दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन तास पुढं चालू ठेवत.

प्रयोगशाळेचं खरं काम पाहायच्या त्या काकू. पन्नाशी ओलांडलेल्या, वीस वर्षं तिथंच परिचर, दहावी नापास. नवरा रिठदला शेती करतो. या आठवडाभर कॉलेजमागच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारी गावी जायच्या. फुटकी काच बसवायला माणूस आला की काकू त्याला म्हणायच्या, आधी प्राचार्यांची सही आणा. प्राचार्य म्हणायचे, आधी विभागप्रमुखांची आणा. अशी ती काच वर्षानुवर्षं बसली नाही. हा कामचुकारपणा आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात मी कपाट उघडायला गेले तर किल्ली आत जाईना. पाहिलं तर कुलपाचं भोक चिखलानं लिंपून गुळगुळीत केलेलं. पोरांची टवाळी, दुसरं काय, असं म्हणून मी चिरफाडीच्या पेटीतली सुई घेतली आणि खरवडणार, तोच मागून काकू बोलल्या.

“सुई ठेवा मॅडम खाली. थे पोरायनं नाही केलं. कुंभारीन हाये थे. आत तिचं लेकरू हाये.”

मी दरवर्षी फळ्यावर कुंभारमाशीचं लॅटिन नाव लिहीत होते. तिची आकृती काढून तिला बाण करत होते. परीक्षेत ती आकृती विचारत होते. आणि आता ती माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर घर बांधून गेली तर मला तो मुलांनी थापलेला चिखल वाटला होता. काकूंनी मला कपाटाच्या मुठीजवळ स्क्रू निखळून पडलेलं दुसरं भोक दाखवलं. त्याचं काम अजून चालू होतं. आम्ही दोन स्टुलं ओढून बसलो.

अर्ध्या तासानं ती आली. काळी, कमरेला दोऱ्याइतकी बारीक, पोटावर नारिंगी पट्टा. फुटक्या काचेतून आत शिरली, टेबलं ओलांडून सरळ कपाटापाशी. तिच्या पायांत तिच्याएवढीच हिरवी अळी होती. अळी तिनं भोकात ढकलली, स्वतः मागोमाग आत गेली, बाहेर आली, तोंड पुसल्यासारखं केलं आणि निघून गेली. काकूंनी सांगितलं की अळी मेलेली नसते. कुंभारीण तिला डंख मारून लुळी करते, म्हणजे अंड्यातून पिल्लू बाहेर येईपर्यंत अन्न ताजं राहतं. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतंच. पण काकूंना एक गोष्ट अशी ठाऊक होती जी माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हती. ही अळी मागच्या तरोट्यावरची, आणि कुंभारीण चिखल आणते तो पाण्याच्या टाकीखालचा. टाकी गळते म्हणून ती इथं राहते. गेल्या वर्षी टाकी दुरुस्त केली होती तेव्हा आली नव्हती.

मी विचारलं, “काकू, तुम्ही हे कधी कोणाला सांगितलं नाही?”

“कोनाले सांगू? सर त खुर्चीवर पाय घेऊन बसतेत.”

त्या दिवसापासून मी वही केली. तास संपला की स्टुलावर बसायचं आणि लिहायचं. किती वाजता आली, काय आणलं, किती वेळ आत होती. काकू पलीकडे बसून निवडणं-टिपणं करायच्या आणि माझ्या चुका काढायच्या. मी लिहायची, कुंभारमाशी भोकाचं निरीक्षण करत आहे. काकू म्हणायच्या, निरीक्षण नाही करून राह्यली, मुंग्या आल्या का ते पाहून राह्यली. दुसऱ्या मिनिटाला मुंगी दिसायची. नोकरीच्या सहा वर्षांत प्रयोगशाळेत जाताना मला पहिल्यांदा घाई होऊ लागली. चौथ्या दिवशी तिनं मुठीजवळचं भोकही लिंपलं आणि ती गेली. काकू म्हणाल्या, आता तीन-चार आठवडे थांबा.

तीन-चार आठवड्यांत कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती येणार, हे त्याच सुमारास जाहीर झालं.

प्राचार्यांनी बैठक बोलावली. बाहेरच्या एका कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली ती तिथल्या फुलपाखरू उद्यानामुळे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. म्हणून प्रयोगशाळेमागची पडीक जागा जेसीबीनं साफ करून तिथं फुलपाखरू उद्यान करायचं ठरलं. रोपवाटिकेतून लाल, पिवळी फुलझाडं येणार होती. सिमेंटचा बाक आणि फ्लेक्सही. मी हात वर केला. मागच्या रुईवर आणि तरोट्यावर फुलपाखरं आधीच आहेत, त्यांच्या अळ्या तीच पानं खातात, ती झाडं काढली तर फुलपाखरं राहणार नाहीत, असं मी जमेल तितक्या नम्रपणे सांगितलं.

प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, अळ्या कशाला? आपल्याला फुलपाखरं पाहिजेत.”

बैठकीत चार जण तरी विज्ञानाचे होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. विभागप्रमुखांनी तर वहीत लिहूनही घेतलं. मी पुढं बोलले नाही. तासिका तत्त्वाचं तत्त्व हेच आहे की तास संपल्यावर बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. तरोटा पहिल्या दहा मिनिटांत गेला. मी खिडकीत उभी राहून पाहत होते. हातात वही होती आणि त्या वहीचा काय उपयोग ते मला कळत नव्हतं. यंत्र रुईकडे वळलं तेव्हा काकू बाहेर गेल्या आणि प्राचार्यांशी काहीतरी बोलल्या. प्राचार्य दोन पावलं मागं सरले, त्यांनी रुईकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला हात केला. जेसीबी थांबला, वळला आणि गाजरगवताकडे गेला.

मी नंतर विचारलं, काय सांगितलंत? काकूंनी सांगितलं की त्या एवढंच म्हणाल्या, साहेब, शनवारी मारुतीले या रुईचा हार जाते, समिती येयाच्या आधी उपटू नका, काही इकडचं तिकडं झालं त मी बोलली नव्हती म्हनू नका. माझी पदव्युत्तर पदवी, माझी डॉक्टरेट, अळीपासून फुलपाखरापर्यंतचं चक्र, या सगळ्यांना जे जमलं नाही ते मारुतीनं एका वाक्यात केलं. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. मी विचारलं, खरंच जातो हार? काकू म्हणाल्या, जाते ना. आमच्या गावच्या रुईचा जाते.

उद्यान पंधरा दिवसांत उभं राहिलं. फ्लेक्सवर दहा फुलपाखरं होती आणि त्यांतली निम्मी दक्षिण अमेरिकेतली होती. एक तर फुलपाखरूच नव्हतं, पतंग होता. मी विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, समितीला काय समजतं, आणि रंग चांगला आलाय.

मग सरांना कपाटाची आठवण झाली. कीटकसंग्रह हे विभागाचं वैभव आहे, समितीला तो दाखवायलाच हवा, असं ते म्हणाले. किल्ली चालत नाही हे कळल्यावर त्यांनी शिपायाला स्क्रूड्रायव्हर आणायला पाठवलं. मी कुंभारमाशीचं सांगितलं. त्यांनी हसून हात उडवला. एका माशीसाठी विभागाचं नुकसान करायचं का? तेव्हा मी शांतपणे म्हटलं, “सर, उघडा. फक्त पेट्या रिकाम्या आहेत. टाचण्या आणि चिठ्ठ्या आहेत, कीटक नाहीत.”

 कधीपासून, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं, मी आले त्याच्या आधीपासून, तुम्ही चिठ्ठीवर ‘पाहिले’ लिहिलं होतं. शिपाई स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. सरांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि खिशात टाकला. मग कपाटापाशी जाऊन, आयुष्यात पहिल्यांदा, ते एका कीटकाच्या घरासमोर वाकले.

“सजीव आहे म्हणता? मग हे संवर्धन झालं,” ते म्हणाले. “हे कपाट कोणी उघडायचं नाही.”

संध्याकाळपर्यंत कपाटावर पाटी लागली. ‘सजीव संवर्धन कक्ष. स्पर्श करू नये.’ त्यानंतर सर रोज येऊन ती चिखलाची टिकली जागेवर आहे ना, ते पाहू लागले. समितीच्या आदल्या दिवशी कीटकनाशक फवारणारा माणूस आला. प्राचार्यांचा हुकूम होता, इमारतीत मुंगीही दिसता कामा नये. सरांनी त्याला प्रयोगशाळेच्या दारात अडवलं आणि ओल्या फडक्यानं कपाटाची दोन्ही भोकं स्वतः झाकून, नाकाला रुमाल लावून तिथं उभे राहिले. बाकी खोली फवारली गेली. झुरळ पाहून खुर्चीवर चढणारा माणूस कुंभारमाशीच्या पिल्लांना पाठीशी घालून उभा होता. काकू मला हळूच म्हणाल्या, पाहा, लोकं म्हनते सर सुधरत नाही. मी हसले नाही. हसू यावं असं होतं, पण टेबलाखाली कोळी, पतंग आणि गांधीलमाश्या उलट्या पडून पाय हलवत होत्या आणि आम्हा दोघींना ते दिसत होतं. काकूंनी झाडू मारून त्या टोपलीत भरल्या. सरांनी टोपली फेकू दिली नाही. ती कपाटामागं ठेवायला सांगितली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

समितीत तिघं होते. अध्यक्षांनी फुलपाखरू उद्यान बाकावर बसून पाहिलं. फुलांवर एकही फुलपाखरू नव्हतं. प्राचार्य म्हणाले, सकाळी बरीच असतात, आता ऊन झालं. तेवढ्यात रुईवरून एक नारिंगी फुलपाखरू उडालं, आणि प्राचार्यांनी त्याच्याकडे असा हात केला की त्याला त्यांनीच बोलावलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रयोगशाळेत समितीतल्या एक वयस्क बाई पाटी वाचून थांबल्या. त्या वनस्पतिशास्त्राच्या, परप्रांतातल्या, हिंदीत बोलणाऱ्या. कपाटात काय आहे असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, ऐतिहासिक कीटकसंग्रह आहे, पण कुलपात सजीव असल्यानं विभागानं तो न उघडण्याचा निर्णय घेतला आहे. बाईंनी वाकून पाहिलं. त्यांना मजा वाटली. हे कोणाच्या लक्षात आलं, त्यांनी विचारलं. मी काकूंकडे हात केला, पण सर माझ्या हातापुढे आले आणि म्हणाले, माझ्या मार्गदर्शनाखाली. बाई म्हणाल्या, छान, मग ही माशी घरट्यात पिल्लासाठी काय साठवते?

सरांनी क्षणभर विचार केला. “शहद, मॅडम,” ते म्हणाले.

दाराशी उभ्या असलेल्या काकूंना राहवलं नाही. त्यांच्या हिंदीला वऱ्हाडी कड होती. “शहद नहीं जी. अळी लाती. हरी अळी. मारती नहीं, लुली करती, लेकरू ताजा खाता.”

 बाई काकूंकडे वळल्या आणि पुढची पाच मिनिटं त्या दोघीच बोलत होत्या. चिखल कुठला, अळी कोणत्या झाडावरची, किती दिवस लागतात. तरोटा कुठाय, असं बाईंनी विचारल्यावर काकूंनी खिडकीतून सिमेंटच्या बाकाकडे बोट दाखवलं. तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि प्राचार्य म्हणाले की जेवण थंड होतंय. बाई जाताना मला म्हणाल्या, ह्यांचं नाव लिहून ठेवा. मी वहीत लिहिलं.

अहवाल पुढं यथावकाश आला. श्रेणी चांगली मिळाली. त्यात ‘प्राणिशास्त्र विभागाची संवर्धनाबाबतची संवेदनशीलता’ असा उल्लेख होता. संस्थेनं सरांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला.

कुंभारणीची पिल्लं मात्र समिती गेल्यानंतरच्याच रविवारी बाहेर पडली असावीत. शनिवारी चिखलाचं झाकण अखंड होतं. सोमवारी दोन्ही भोकांत गोल, स्वच्छ, पेन्सिल जाईल अशी वाट होती. मी कारंजाला घरी होते, काकू रिठदला. चोवीस दिवस आम्ही पाळत ठेवली होती आणि ऐन वेळी खोलीत कोणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी ते बोलून दाखवलं तर काकू म्हणाल्या, थे काही आपल्याले दाखवाले थोडीच निघते. पण त्याही त्या दिवशी दोनदा कपाटापाशी जाऊन आल्या.

आता किल्ली आत जात होती. सरांनी कपाट उघडलं, आणि मग त्या टोपलीचं कोडं सुटलं. फवारणीत मेलेले पतंग, माश्या, गांधीलमाश्या त्यांनी माझ्याकडून रिकाम्या टाचण्यांना लावून घेतल्या. चिठ्ठ्या जुन्याच ठेवायच्या, अक्षर चांगलं आहे, असं ते म्हणाले. मी गांधीलमाशी ‘मधमाशी’च्या चिठ्ठीवर टोचली, कारण मला पुढच्या वर्षीच्या नेमणुकीची ऑर्डर हवी होती. हे मी अभिमानानं लिहीत नाही.

पुढं सरांनी एका चर्चासत्रात कुंभारमाशीवर शोधनिबंध वाचला. निरीक्षणं माझ्या वहीतली होती. लेखकांत पहिलं नाव सरांचं, दुसरं प्राचार्यांचं, तिसरं माझं. मी काकूंचं नाव घालायला सांगितलं तर सर दचकले. त्या दहावी नापास आहेत, ते म्हणाले, संपादक हसतील. मी म्हटलं, मग माझंही काढा. त्यांनी काढलं. ते एवढ्या पटकन काढतील असं मी धरलं नव्हतं. पण ऑर्डर मिळाली, हेही खरं. बहुधा मी पेट्यांबद्दल बाहेर तोंड उघडलं तर काय होईल याची त्यांना धास्ती असावी.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी निबंधाबद्दल काही विचारलं नाही. रविवारी शेतात येता का, असं विचारलं. तूर फुलावर आहे, म्हणाल्या, तुमाले पाहाले लय भेटन.

मी गेले. रिठदच्या त्यांच्या शेतात तूर माझ्या खांद्याएवढी होती आणि फुलांवर, शेंगांवर हिरव्या, तपकिरी अळ्या लागलेल्या. मी बांधावर बसून वही काढली. काकूंचे यजमान पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून जवळ आले. मी कोण ते काकूंनी त्यांना सांगितलं. मॅडम किड्यायचा अभ्यास करते, पाहून लिहून ठेवते. ते बराच वेळ माझ्या वहीकडे पाहत राहिले.

“मंग एक काम करा,” ते म्हणाले. “आमच्या तुरीतल्या सगळ्या अळ्या घरी न्या. तिथं निवांत पाहा, लिहा. आमी इथं काही मनाई नाही करत.”

काकू हसून खाली बसल्या. त्यांच्या हसण्यावर यजमानांनाही हसू आलं. मग त्यांनी पंपाकडे हात करून मला सरळ विचारलं, हे मारलं त कोन्ते मरते आन कोन्ते वाचते? आमच्या वावरात पहिले कुंभारीनी लय होत्या, आता काहून दिसत नाही? मला उत्तर ठाऊक होतं आणि ते सांगणं सोपं नव्हतं, कारण ते सांगून त्यांच्या शेंगा वाचणार नव्हत्या. मी म्हटलं, मी अजून पाहतेय. ते म्हणाले, पाहा, आमी त पाहूनच राह्यलो. आणि त्यांनी पंप पुन्हा पाठीवर न घेता विहिरीपाशी नेऊन ठेवला, निदान मी होते तोवर तरी. दुपारभर आम्ही तिघं तुरीच्या ओळींतून वाकून फिरलो. मी वहीत वेळ लिहीत होते, काकू नावं सांगत होत्या, आणि यजमान दर चार पावलांवर शेंग फोडून मला दाखवत होते की ही बी खाल्ली.